आभाळ तांबडे होऊन राहिले

मी ज्वालामुखीच्या कामासाठी वऱ्हाडात चालले आहे असं कळल्यावर शेजारच्या काकूंनी आईला जिन्यात गाठून विचारलं, "हिची तब्येत बरी आहे ना?" काकूंचं फारसं चुकलं नव्हतं. ज्वालामुखी फुटला होता बाली बेटावर, समुद्रापलीकडे हजारो मैल दूर, आणि तोही आदल्या वर्षीच्या मार्चात. मी निघाले होते चौसष्ट सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या तोंडावर, आणि तेही अकोल्याला.

काकूंना जे सांगितलं तेच इथे सांगते. ज्वालामुखीचा तप्त रस जमिनीवर सांडतो आणि तिथेच थिजतो. पण स्फोट फार मोठा असला तर बारीक धूळ आणि गंधकाचा वायू ढगांच्याही वर, बारा-तेरा मैलांवर जाऊन पोचतो. तिथे पाऊस नाही, त्यामुळे ते धुऊन निघत नाही. तो पातळ थर वर्ष-दोन वर्षं पृथ्वीभोवती हिंडत असतो. सूर्य बुडाला की आपल्याकडे अंधारायला लागतं, पण इतक्या उंचीवर अजून ऊन असतं. ते ऊन त्या धुळीवर पडतं आणि बुडालेल्या सूर्यामागे आभाळ दुसऱ्यांदा पेटतं. हा दुसरा रंग किती वाजता उमटला आणि किती वाजता विझला हे नीट लिहून ठेवलं, तर धूळ किती उंच आहे ते कागदावर काढता येतं. त्याला दुर्बीण लागत नाही. डोळे लागतात, बरोबर लावलेलं घड्याळ लागतं आणि रोज संध्याकाळी न कंटाळता अंगणात येऊन उभं राहणारा माणूस लागतो.

असा माणूस मिळणं हेच अवघड. बालीची धूळ आज ना उद्या विरेल, पण पुढचा ज्वालामुखी कधी फुटेल हे कोणी सांगावं? तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. म्हणून आमच्या पुण्याच्या हवामान खात्यानं ठरवलं की गावोगाव आभाळ लिहिणारी माणसं आधीच तयार करून ठेवायची. साधं आभाळ ज्याला पाठ आहे, त्यालाच वेगळं आभाळ ओळखता येतं. वऱ्हाडात जमीन सपाट, हिवाळ्यात हवा कोरडी आणि क्षितिज पार जमिनीला टेकलेलं, म्हणून सुरुवात तिथून.

एक कबुली आधीच देते. गेले कित्येक महिने मी या दुसऱ्या रंगाची गणितं मांडत होते, पण डोळ्यांनी तो धड पाहिला नव्हता. पुण्यात आमच्या कचेरीच्या गच्चीवरून पश्चिमेला एक टेकडी आणि तीन बिऱ्हाडांची धुणी दिसतात.

अकोला

अकोल्याच्या फलाटावर आमच्या जीपचे ड्रायव्हर रहीमभाई उभे होते. पन्नाशीचे, पांढरी दाढी, डोक्याला मफलर. त्यांनी माझ्या मागे डब्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "बाई, एकल्याच आल्या? साहेब काहून नाई आले?" साहेब मीच, असं मी म्हटलं. त्यांनी माझा खोका उचलला, "बराबर" म्हणाले आणि चालू लागले. पुण्यात या उत्तरावर निदान अर्धा तास चर्चा झाली असती.

खोक्यात रंगपट्ट्या होत्या. पुण्यातल्या कापडाच्या दुकानांतून नऊ छटांचे तुकडे आणून मी ते पुठ्ठ्यावर चिकटवले होते आणि प्रत्येकाखाली आकडा घातला होता. आभाळाचा रंग पट्टीशी ताडून बघायचा आणि आकडा लिहायचा, म्हणजे भांडण नको. भांडण झालंच. दुसऱ्या दिवशी शाळेच्या एका खोलीत नऊ जण शिकायला जमले होते. त्यांत मास्तर होते, दवाखान्यातला कंपाउंडर होता आणि सरकी काढण्याच्या जिनाचा एक म्हातारा पहारेकरी होता. मी "अबोली" म्हटलं की निम्मे लोक माझ्याकडे बघत बसत. पहारेकरी तर पट्टी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला की आमी जन्मभर कापूस पाह्यला, आमाले पांढऱ्याचेच पाच रंग समजते, तुमच्या पट्टीवर तं एक बी नाई. मी त्याच्यासाठी शेवटी एक पांढरी चिंधी चिकटवली. आता ती दहावी छटा म्हणून आमच्या खात्यात कायम झाली आहे.

कंपाउंडरनं हात वर करून विचारलं की हा ज्वालामुखी इकडे येईल काय. मी खिडकीतून हात घालून बाहेरच्या वाफ्यातलं काळ्या मातीचं ढेकूळ उचललं आणि टेबलावर ठेवलं. तो येऊन गेलाय, मी म्हटलं. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी या सगळ्या मुलखात जमीन फाटून तप्त रस वाहिला, थरावर थर साचले, त्यांचा काळा दगड झाला आणि तो दगड झिजून ही माती झाली. तुमचा कापूस उगवतो तो त्या ज्वालामुखीतून. हे वाक्य मी पुण्यात आरशासमोर पाठ केलं होतं, पण तिथे म्हणताना माझ्याच अंगावर काटा आला. म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं ते ढेकूळ उचललं, हातात फोडून पाहिलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. मला वाटलं तो हसेल, पण त्यानं माती खिशात ठेवली आणि पुढचे दोन तास पट्टी खाली ठेवली नाही.

संध्याकाळी सगळे मैदानात उभे राहिलो तर पश्चिमेला ढगांचा पडदा. मी चिडले. कंपाउंडर मात्र खूश होता, कारण "ढगाळ" लिहायला पट्टी लागत नाही.

इथेच खोक्याच्या तळाशी असलेल्या एका पाकिटाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढे सगळं त्यावर आलं. भातकुलीजवळच्या एका खेड्यात तायडे नावाचे गुरुजी आमचा पर्जन्यमापक सांभाळत. रोज सकाळी पाऊस मोजायचा, वहीत लिहायचा आणि महिन्याची नक्कल पुण्याला पाठवायची, एवढं त्यांचं काम. पावसाळा संपल्यावर महिनोन्‌महिने नुसती शून्यं. पण या गुरुजींनी शेऱ्याच्या रकान्यात न सांगता आभाळ लिहायला सुरुवात केली होती. "सूर्य बुडाला ५-४०. आकाश पुन्हा तांबडे होऊन राहिले ५-५२." अशी ओळ जवळजवळ रोज. ती नक्कल माझ्या टेबलावर आली तेव्हा मला आनंद झाला आणि मी लगेच गणित मांडलं. सूर्यास्तानंतर बारा मिनिटांत रंग होऊन संपला, असं धरलं की धुळीची उंची येत होती जेमतेम दोन मैल. बाकी सगळीकडून बारा-तेरा मैल येत असताना यांचीच दोन मैल, आणि तीही रोज ठरल्यासारखी. म्हणजे एक तर हे गाड्यांचा धुरळा बघतात, नाहीतर घरात बसून लिहितात. मी "अविश्वसनीय" असा शेरा मारला आणि खाली सही केली. त्यावरून खात्यातल्या माझ्या साहेबांनी पत्र लिहिलं की आपल्याला निरीक्षक म्हणून कमी करण्यात येत आहे, दप्तर व उपकरण सोबतच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावे. सोबतचा अधिकारी म्हणजे मी, आणि पाकिटात होतं ते हे पत्र.

अंजनगाव सुर्जी

अकोल्याहून उत्तरेकडे निघालं की सातपुड्याची निळी रेघ हळूहळू जाड होत जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी उभ्या, कापसाच्या पऱ्हाट्यांवर शेवटची बोंडं, आणि मधूनच गाडीच्या काचेवर कापसाचा धागा येऊन चिकटतो. रहीमभाई गाडी थांबवून शेतकऱ्याला विचारत आणि मूठभर तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन येत. आमच्याकडे कोणाच्या शेतात हात घालायचा तर आधी ओळख काढावी लागते. इथे शेतकरी शेंगा देऊन वर विचारत होता की एवढ्यानं काय होते, अजून घ्या ना.

अंजनगावात पानमळे पाहिले. वरून आणि चारी बाजूंनी झाकलेल्या हिरव्या सावलीत वेली चढवलेल्या, आत शिरलं की भर दुपारी गारवा. एका मळ्याच्या शेजारीच सुभद्राबाई नावाच्या माळीणबाईंची शेवंतीची आणि वांग्यांची वाडी होती. चौथीपर्यंत शिकलेल्या, हिशेबाला पक्क्या, आणि दिवस मावळताना फुलं खुडायला रोज बाहेर असतातच, म्हणून हेडमास्तरांनी त्यांचंच नाव सुचवलं होतं. त्यांना मी रंगपट्टी दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या की दसऱ्यापासून जे आभाळ दिसते ते यात नाईच. मग वाफ्यातून वांग्याचं फूल खुडून त्यांनी पट्टीवर ठेवलं. फिकट जांभळं, मध्ये पिवळा ठिपका. "असं दिसते. पिवळं खाली, हे वर." पुस्तकात या रंगाचं वर्णन करायला पानभर लागतं. मी ते फूल वहीत दाबून ठेवलं.

दुपारचं जेवण त्यांच्याकडेच होतं. मी बाहेर बाजेवर बसले होते. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "बाई, सैपाक होऊन राह्यला." सकाळपासून पोटात तुरीच्या शेंगांशिवाय काही नव्हतं. स्वयंपाक होऊन राहिला आहे, म्हणजे कधीचा तयार होऊन वाट पाहत पडला आहे, आणि मी अशी बाजेवर बसलेली. मला शरम वाटली. हातपाय धुतले, आत गेले आणि सरळ पाटावर जाऊन बसले. सुभद्राबाई तुरीचे दाणे सोलत होत्या. चुलीवर तवासुद्धा नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुणेरी माणूस एकदा पाटावर बसला की उठत नाही, त्यामुळे मी पाऊण तास तशीच बसून राहिले.

बाहेर रहीमभाई हसत होते. ते दारातून म्हणाले, "बाई, होऊन राह्यला म्हंजे चालू हाय. झाला म्हंजे झाला."

वऱ्हाडी माणसं "करून राहिलो" म्हणतात हे मला ठाऊक होतं. कॉलेजात आम्ही त्याची नक्कलही करायचो. नक्कल करता येणं आणि अर्थ कळणं यांत केवढं अंतर आहे ते त्या पाटावर कळलं, निदान मला तसं वाटलं. जेवण मात्र असं होतं की पाऊण तासाचं दुःख उरलं नाही. तुरीच्या सोल्यांची झणझणीत भाजी, ज्वारीची गरम भाकर, वांग्याचं भरीत आणि जवसाची चटणी. साखर घातलेली आमटी मागायची माझी हिंमत झाली नाही. डोळ्यांतून पाणी काढत मी तीन भाकरी खाल्ल्या आणि सुभद्राबाईंनी चौथी न विचारता वाढली.

त्या संध्याकाळीही ढग आले. माझी एकूण रास चांगली दिसत नव्हती.

भातकुली

चांदूर बाजारला एका शाळेत पट्ट्या देऊन आणि संत्र्यांची टोपली घेऊन आम्ही अमरावतीला मुक्काम केला आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी भातकुलीकडे निघालो. अमरावतीहून दहा-बारा मैलच, पण मुलूख बदलतो. इकडे विहिरींना खारं पाणी. तायडे गुरुजींच्या घरी चहा आला तो फाटलेला. गुरुजींच्या पत्नी यशोदाबाई ओशाळल्या आणि दुसरा चहा गोड्या पाण्यात करून आणला. ते गोडं पाणी दीड मैलावरून डोक्यावर आणलं होतं हे मला नंतर कळलं. घरी नळ सोडून दात घासणारी मी, तो कप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली शाळेच्या वह्यांची चवड. छप्पन साली दोघं नवराबायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. गुरुजी चाळिशीचे, उंच, फार न बोलणारे. पर्जन्यमापक घरासमोरच्या कुंपणात होता. तांब्याचा, आणि असा घासलेला की त्यात माझं तोंड दिसलं. इतका लख्ख पर्जन्यमापक मी आमच्या मुख्य कचेरीतही पाहिलेला नाही. पत्र आता खोक्यातून माझ्या पिशवीत आलं होतं. मी ठरवलं की संध्याकाळ त्यांच्याबरोबर बघायची, त्यांची लबाडी डोळ्यांनी पाहायची आणि मग पत्र द्यायचं. अगदी असंच ठरवलं होतं, लपवत नाही.

बोलता बोलता त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील गावकीच्या कामात होते, कचेरीचे निरोप घेऊन गावोगाव पळायचे. उभा जन्म दुसऱ्यांची पत्रं पोचवली, पण त्यात काय लिहिलंय ते त्यांना कधी वाचता आलं नाही. "मी लिहिलेलं पुन्याले जाते, अन् तिथं कोनी वाचते," गुरुजी म्हणाले. "बाबांना हे सांगितलं होतं. त्यांना खरं नव्हतं वाटत." मी संत्रं सोलायला घेतलं, कारण वर बघवेना.

शेऱ्यात आभाळ का लिहिता, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आठ महिने शून्य लिहून माझंच मन खात होतं. पाऊस येत नाई, पन आभाळ तं रोज येते."

पावणेसहाला आम्ही कुंपणापाशी उभे राहिलो. रेडिओच्या ठोक्यावर लावलेलं घड्याळ माझ्या हातात आणि तसंच एक जुनं घड्याळ त्यांच्या हातात. दोन्हींत दहा सेकंदांचाही फरक नव्हता. पहिल्यांदाच ढग नव्हते. सूर्य तुरीच्या शेंड्यांना लागला, चपटा झाला आणि पाच अठ्ठावन्नला बुडाला. पश्चिम नारिंगी झाली, मग पिवळी, मग राखेसारखी फिकट. गाड्या परतत होत्या, त्यांचा धुरळा रस्त्यावरच लोळत होता. सगळं संपलं असं वाटलं. यशोदाबाई दिवा लावायला आत गेल्या.

आणि मग खूप वर, जिथे बघायचं माझ्या मनातही नव्हतं तिथे, एक गुलाबी डाग उमटला. आधी मला भास वाटला.

"लाल होऊन राह्यलं, बाई," गुरुजी घड्याळ बघत शांतपणे म्हणाले. "सहा अन् दहा."

मी सवयीनं माझ्या वहीतल्या "संपले" या रकान्यात ६-१० लिहायला पेन्सिल टेकवली. आकडा लिहून वर पाहिलं तर ते संपलं नव्हतं. ते सुरू होत होतं. गुलाबी रंग पसरत पसरत अर्ध्या आभाळावर आला आणि वांग्याच्या फुलाचा झाला, खाली पिवळी कड, अगदी सुभद्राबाईंनी दाखवला तसा. आणि तो नुसता वर राहिला नाही. मावळलेला उजेड परत आला. सारवलेल्या भिंती, पऱ्हाट्या, कुंपणाचे काटे, तांब्याचा पर्जन्यमापक, सगळं जांभळं झालं. माझे हात जांभळे झाले. दूर समुद्रापलीकडे पृथ्वीच्या पोटातून उडालेली धूळ, दहा महिने जगभर फिरत होती आणि मी तिचे आकडे लिहीत होते. तिथे उभी राहून मला पहिल्यांदा ती दिसली. मी घाबरले, खरंच घाबरले, आणि त्याचबरोबर इतकं बरं वाटलं की रडू आलं. यशोदाबाई दारात हातात दिवा घेऊन तशाच उभ्या होत्या, पण त्या उजेडात दिवा लागलेलाच कळत नव्हता.

सहा अठराला रंग सर्वांत गडद होता. सहा एकोणतीसला गुरुजी म्हणाले, "विझलं." घड्याळ बघून मी मान हलवली.

मग मी खाली पाहिलं. "संपले" च्या रकान्यात माझ्या अक्षरात ६-१०. होऊन राह्यला म्हणजे चालू आहे. झाला म्हणजे झाला. अंजनगावच्या पाटावर पाऊण तास बसून जे मी शिकले असं मला वाटलं होतं, ते मी शिकलेच नव्हते. तांबडे होऊन राहिले ५-५२, म्हणजे पाच बावन्नला तांबडं व्हायला लागलं. मी वाचलं होतं, होऊन संपलं. तो माणूस खरा होता, वेळ खरी होती, धूळही खरी होती. खोटं होतं ते माझं मराठी.

मी विचारलं की विझल्याची वेळ कधी लिहिली नाहीत का. रकाना दोन बोटांचा, एक ओळ मावते, ते म्हणाले, बाकी चिठ्ठ्यांवर आहे. घरातून पत्र्याची पेटी आणली. कोऱ्या पाठीच्या कागदांच्या चिठ्ठ्या होत्या. जुनी प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, कॅलेंडरची पानं, सगळ्यांच्या मागे बारीक अक्षरात रोजची संध्याकाळ. चैत्र-वैशाखात ओळीनं "साधे", "साधे", "साधे". मग पावसाळ्याचं "ढगाळ". आणि पाऊस गेल्यावर नवरात्रातल्या एका चिठ्ठीवर पहिल्यांदा "पुन्हा लाल होऊन राहिले", आणि खाली "विझले". त्यापुढे दोन्ही वेळा रोज. मी कंदिलाजवळ बसून एका चिठ्ठीच्या कडेलाच गणित केलं. बारा मैलांच्या वर आलं. अख्ख्या वऱ्हाडात साधं आभाळ आणि वेगळं आभाळ यांची सीमा ज्यानं लिहून ठेवली असा हा एकच माणूस होता, आणि मी त्याचं दप्तर काढून घ्यायला आले होते.

पत्र लपवून परत नेता आलं असतं. नेलं असतं तर बरं झालं असतं असं आजही कधी कधी वाटतं. पण मी ते काढून त्यांच्या हातात दिलं आणि कसं काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं, मग पुन्हा वाचलं. यशोदाबाईंनी काय आहे विचारलं, त्यांनी हातानं थांब म्हटलं.

"तुमाले समजलं नाई, तं इचारा लागत होतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "एक कारड टाकलं असतं, तं मी सांगितलं असतं."

वऱ्हाडी बोलणं पुण्याच्या कानांना फार सरळ लागतं असं म्हणतात. मला ते नुसतं खरं लागलं. एक कार्ड. मी गणित तीनदा तपासलं होतं, पण माणसाला एकदाही विचारलं नव्हतं.

मी पत्र परत घेतलं आणि फाडायला लागले, तर त्यांनी हात धरला. "फाडू नका. पाठ कोरी हाय." त्यांनी पत्र पालथं घातलं, टाक घेतला आणि शाळेत फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरात त्या दिवसाची नोंद लिहिली. सूर्य बुडाला ५-५८. आकाश तांबडे होऊन राहिले ६-१०. विझले ६-२९. मग टाक माझ्याकडे दिला आणि खाली बोट ठेवलं. मी सही केली. दुसऱ्या दिवशी निघताना यशोदाबाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हणायची त्यांना गरज वाटली नाही, आणि मलाही.

पुणे

परत आल्यावर पहिल्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर ते पत्र ठेवलं. सोबत माझं जुनं गणित, नवं गणित, आणि चूक माझी आहे असं लिहिलेला अर्ज. आमचे साहेब कडक, पण कागद उलटून बघणारे. त्यांनी आपलंच पत्र समोरून वाचलं, मग पालथं करून वाचलं आणि चष्मा काढला. एवढी सगळी भानगड एका शब्दावरून, ते म्हणाले, आणि त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे 'होऊन राहिले' म्हणजे नक्की काय?"

ऑफिस केव्हाच सुटलं होतं आणि बाहेर सूर्य बुडाला होता. टेकडीच्या वर, धुण्यांच्या दोऱ्यांच्या वर, गुलाबी व्हायला लागलं होतं.

"चालू आहे, साहेब," मी म्हटलं. "अजून चालू आहे."